नदीकाठी तंबू, तंबूत सासरे

तंबू दुसऱ्यांदा कोसळला तेव्हा ग्रंथपाल आतच होते. बाहेरून नुसता एक हलणारा नारिंगी ढिगारा दिसत होता आणि त्यातून आवाज येत होता, “काही नाही, काही नाही, होतंय!”

समोर घडीच्या खुर्चीत सासरे बसले होते. शस्त्रक्रिया झालेला गुडघा पाण्याच्या कॅनवर ठेवलेला, मांडीवर काठी आडवी. ते निवृत्त स्टेशनमास्तर. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला दुसऱ्याची फजिती बसून बघण्यात जो एक शांत आनंद मिळतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर पसरला होता.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आपण तंबूत राहायचंय की तंबूखाली, एवढं ठरलं की मला सांगा.”

ग्रंथपालांनी याआधी कधी तंबू ठोकला नव्हता, पण त्याविषयी वाचलं भरपूर होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या कपाटातली रानावनात राहण्यावरची सगळी पुस्तकं त्यांनी संपवली होती, आणि शेवटचं पुस्तक मिटताना त्यांना अशी खात्री झाली होती की आता फक्त रान तेवढं बाकी आहे. मग नदीच्या काठाकाठाने मुक्काम करत जायचा बेत ठरला. सासऱ्यांना गुडघ्यामुळे घरी एकटं ठेवता येईना, म्हणून तेही आले. बायकोही सोबत होतीच, पण निघताना तिने एकच वाक्य उच्चारलं होतं, “बाबांना काही झालं तर बघा.” या वाक्याचा पुढचा भाग तिने सांगितला नव्हता, त्यामुळे तो भाग ग्रंथपाल स्वतःच वेगवेगळ्या प्रकारे पूर्ण करून बघत होते आणि प्रत्येक प्रकार आधीच्यापेक्षा वाईट निघत होता.

शेजारी एका प्लंबरचं चाकांवरचं घर उभं होतं. गाडीला जोडलेलं, पांढरंशुभ्र, खिडकीला पडदे. प्लंबर आणि त्याची बायको कपात काहीतरी ढवळत हा सोहळा बघत होते.

“खुंट्या सरळ नका ठोकू, तिरक्या ठोका,” प्लंबर म्हणाला.

“आणि तोंड नदीकडे नको,” त्याची बायको म्हणाली. “गार वारा थेट आत येतो.”

“नदीकडे नको तर काय रस्त्याकडे? मग घरीच थांबायचं होतं की!”

“तू गप्प बैस. गेल्या वेळी तुझं ऐकलं आणि आठवडाभर शिंकत होते मी.”

नवराबायकोची जुंपली. त्यात खुंट्या बाजूलाच राहिल्या. शेवटी प्लंबरच उठला आणि त्याने बघता बघता तंबू उभा केला. ग्रंथपालांनी एक दोरी हातात धरून ठेवली, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला काम त्यांच्या देखरेखीखाली चाललंय असं वाटावं.

जाता जाता प्लंबर म्हणाला, “जागा जरा खोलगट वाटते हो. तिकडे वरच्या अंगाला घेतला असता.”

“आडोसा मिळतो,” ग्रंथपाल म्हणाले. “शास्त्र आहे त्यामागे.”

शास्त्र ऐकून प्लंबर आपल्या कपाकडे परत गेला.

नदीच्या पलीकडच्या काठावर गाव होतं. या काठावरचं कुरण आणि ते गाव यांच्यामध्ये जुना दगडी पूल. गाव प्राचीन, नदीच्या बाजूने दगडी तट, तटाला लोखंडी दरवाजे, आत अरुंद गल्ल्या आणि एकमेकांच्या खिडक्यांत डोकावणारी घरं. त्यातल्याच एका घरात ग्रंथपालांचा कॉलेजातला मित्र राहत होता. उंच, मान लांब, पाय त्याहून लांब, म्हणून तेव्हापासून सगळे त्याला बगळा म्हणत. बगळा आता गावाच्या इतिहास मंडळाचा चिटणीस होता.

खरं तर त्याच्याकडेच उतरायचं. पण ग्रंथपालांनी फोनवर ऐटीत सांगून टाकलं होतं, “छे, छे, आम्ही उघड्यावर राहणारे लोक. फक्त भेटून जाऊ.” हे बगळ्याच्या बायकोला लागलं होतं. “आमच्या घराला छप्पर आहे, एवढाच दोष ना भाऊजी?” असं तिने विचारलं होतं, आणि त्यावर ग्रंथपाल हसले होते, ते तर फारच लागलं होतं. तडजोड म्हणून दुपारचं जेवण ठरलं.

सासऱ्यांनी जेवणाला यायला साफ नकार दिला. बगळ्याचं घर वरच्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा, हे त्यांना कळलं होतं.

“या गुडघ्याने मी तो जिना चढणार नाही आणि कोणाच्या खांद्यावरही बसणार नाही,” ते म्हणाले. “मी इथेच पडतो. तुम्ही जा.”

त्यांनी कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, स्लीपिंग बॅगमध्ये शिरले, आणि ग्रंथपालांनी त्यांच्या हवेच्या गादीखाली एक सतरंजी सारून तंबूची चेन लावली. सासऱ्यांचा मोबाइल चार्ज करायला म्हणून सोबत घेतला. आपण किती बारीकसारीक विचार करतो याचं त्यांना त्या क्षणी कौतुक वाटलं.

जेवण म्हणजे वहिनींचा सूड होता. सूप आलं, मासा आला, बटाटे आले, मग आणखी एक मासा आला. “तंबूत कुठे मिळणार हे,” असं प्रत्येक वाढपाला त्या म्हणत होत्या. ग्रंथपाल निमूटपणे खात होते. ताटातलं संपलं की अपराधी वाटे आणि उरलं की त्याहून अपराधी. बायको मधूनमधून खिडकीकडे बघत होती, पण खिडकीतून नदी दिसत नव्हती. समोरच्या घरातला एक माणूस दाढी करताना तेवढा दिसत होता.

गोड पदार्थ यायच्या सुमाराला भोंगा वाजला. लांबलचक, घशात अडकल्यासारखा.

“हे काय?” बायकोने विचारलं.

“सराव,” बगळा म्हणाला. “मधूनमधून वाजवून बघतात. वर धरण आहे ना. नगरपालिकेला दुसरं काम काय? चल लेका, तुला पुराच्या खुणा दाखवतो. तटावर एकेक पूर कोरून ठेवलाय. जगात फार थोड्या ठिकाणी...”

भोंगा पुन्हा वाजला. समोरच्या दाढीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच होता. त्याने खाली गल्लीत कोणालातरी काहीतरी विचारलं, ऐकलं, आणि दाढी अर्धवट टाकून आत पळाला.

सरावासाठी कोणी दाढी अर्धवट टाकत नाही. हे टेबलाभोवती सगळ्यांनाच एकदम कळलं.

“बाबा!” बायको म्हणाली.

ग्रंथपालांनी घाईघाईने सासऱ्यांना फोन लावला. वहिनींच्या ओट्यावर, साखरेच्या डब्यामागे, सासऱ्यांचा फोन वाजायला लागला.

बायको काहीच बोलली नाही. बायकोच्या बोलण्याची नवऱ्याला सवय होते, तिच्या न बोलण्याची होत नाही. जिना उतरताना ग्रंथपालांना पायऱ्या दिसत नव्हत्या, फक्त तिची पाठ दिसत होती.

पुलापर्यंत धावत गेले तर पूल बंद. दोन्ही बाजूंना कठडे लावलेले, पोलीस माणसांना मागे सारत होते. “दुसऱ्या दरवाजाने!” बगळा ओरडला. तटाच्या नदीकडच्या दरवाजातून खाली उतरलं की पात्राला आडवा एक दगडी बांध होता, तो पुलाच्या खालून नदी ओलांडून पलीकडच्या कुरणापर्यंत जात असे. ते दरवाजाशी पोचले तेव्हा नगरपालिकेची माणसं लोखंडी फाटक ओढून, फटींत रबराच्या पट्ट्या ठोकत होती. मध्ये चमकदार पिवळं जाकीट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला पूर अधिकारी उभा होता.

“आम्हाला बाहेर जायचंय,” ग्रंथपाल म्हणाले.

“बाहेर जायला परवानगी नाही. आत यायला आहे.”

“अहो, बाहेर आमचा माणूस आहे!”

“मग त्यांना काळजी नको. त्यांना आत यायला परवानगी आहे.”

“पण दरवाजा तर तुम्ही बंद केलाय!”

“बंद करणारच. पूर येतोय.”

“मग ते आत येणार कसे?”

अधिकाऱ्याने या प्रश्नाचा मनापासून विचार केला. “त्यांनी लवकर निघायला हवं होतं,” तो म्हणाला.

ग्रंथपालांचं आयुष्य नियमांत गेलं होतं. उशिरा आलेलं पुस्तक ते स्वतःच्या बहिणीकडूनसुद्धा दंडाशिवाय घेत नसत. नियम सांगणाऱ्या माणसाचा त्यांना आदर वाटे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना नियम सांगणाऱ्या माणसाची शिट्टी ओढून नदीत फेकावीशी वाटली. त्याऐवजी ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “आपल्या वरिष्ठांना विचारता का?”

अधिकाऱ्याने फोन लावला. वरिष्ठ बैठकीत होते. बैठक पुरासंबंधी होती.

“तटावर चला,” वहिनी म्हणाल्या आणि कोणाची वाट न बघता बाजूच्या दगडी पायऱ्या चढू लागल्या.

तटावरून कुरण दिसलं आणि बायकोने ग्रंथपालांचं मनगट धरलं. नदी धावून वगैरे येत नव्हती. ती नुसती पसरत होती, आवाज न करता. कुरणातलं गवत चकचकायला लागलं होतं. चाकांवरचं पांढरं घर गेलेलं होतं, बाकी तंबूही गेलेले होते. एकटा नारिंगी तंबू आपल्या खोलगट, शास्त्रशुद्ध जागेत उभा होता आणि त्याच्या चहूबाजूंनी पाणी होतं.

“प्लंबरने नेलं असेल त्यांना,” ग्रंथपाल म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यावर त्यांचाही विश्वास बसला नाही. “नेलंच असेल. चांगला माणूस होता.”

“चेन बंद आहे,” बायको म्हणाली. “बाबा गेले असते तर चेन उघडी असती. ते कधी लावत नाहीत.”

सगळे तंबूकडे बघत राहिले. आणि मग तंबूचं छत एका जागी टोचल्यासारखं वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं.

“काठी!” बायको ओरडली. “ती बाबांची काठी आहे!”

तटाच्या टोकाला, पूल जिथे तटाला मिळतो तिथे, बाहेरच्या बाजूने जुन्या पायऱ्या होत्या. पूर्वी तिथे नावा लागायच्या. तिथून पुलाच्या पायथ्याचा बांध धरून पलीकडे जाता आलं असतं. पण पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप.

“किल्ली मंडळाकडे असते,” बगळा म्हणाला. “चिटणीसाच्या ताब्यात.”

“चिटणीस कुठाय?” ग्रंथपाल किंचाळले.

“मीच,” बगळा म्हणाला. “पण त्याला कार्यकारिणीचा ठराव...”

वहिनींनी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जाळी उघडली. “तुझ्या कार्यकारिणीला मी जेवायला घालते,” त्या म्हणाल्या. “उतर.”

ग्रंथपाल उतरले. पोहण्यावरही त्यांनी वाचलं होतं, पण त्यांच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच, की घाबरू नये. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांनी ती सूचना आठवली. मांडीपर्यंत आलं तेव्हा ती सूचना ज्याने लिहिली तो माणूस आठवला. बगळा पुढे होता, आपल्या लांब टांगांनी अंदाज घेत, आणि मागे वळून सांगत होता, “इथे बांध आहे... इथे आहे... इथे नाही, इथे नाही!” पुलावर कठड्यामागे गर्दी जमली होती. कोणीतरी ओरडलं, “अहो, कुठे चाललात?” आणि ग्रंथपालांना उत्तर द्यायची फार इच्छा झाली, पण दात वाजत होते.

तंबूपाशी पाणी कमरेला आलं. त्यांनी चेन ओढली. चेन अडकली. ही चेन तंबू उभा राहिल्यापासून अडकत होती, आणि अशा वेळी कापड चिमटीत धरून हळुवार सोडवावं असं त्यांनी घरच्यांना दर वेळी समजावलं होतं. आता त्यांनी दोन्ही हातांनी कापड धरलं आणि टर्रकन फाडलं.

आत पाण्यावर हवेची गादी तरंगत होती आणि तिच्यावर, गळ्यापर्यंत स्लीपिंग बॅगमध्ये, सासरे. त्याही पिशवीची चेन अडकलेली. एक हात तेवढा बाहेर, त्यात काठी. चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा!” ग्रंथपाल म्हणाले.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, फाटलेल्या कापडाकडे बघितलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “दार वाजवून आत यायची पद्धत आहे.”

पण ग्रंथपालांनी त्यांचा काठीचा हात धरला तेव्हा त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

पिशवीतून काढायला वेळ नव्हता. त्या गुडघ्याने चालणं तर शक्यच नव्हतं. गादीसकटच न्यायचं ठरलं. तंबूची दोरी सोडून गादीला बांधायची होती. ग्रंथपालांना अनेक प्रकारच्या गाठींची चित्रं पानांच्या क्रमांकासह आठवत होती. बोटांना मात्र बुटाच्या नाडीची तेवढी येत होती. तीच मारली. बगळ्याने दोरी खांद्यावर घेतली, ग्रंथपाल मागून ढकलू लागले, आणि सासरे, आकाशाकडे तोंड करून, निघाले.

“सावकाश,” ते सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज स्थिर होत गेला. “डावीकडे घ्या. डावीकडे म्हणजे माझ्या नव्हे, तुमच्या. धक्का नको. पुढे ओंडका येतोय, थांबा. जाऊ दे त्याला. हां, सोडा गाडी.”

पुलावरच्या गर्दीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांना त्या ऐकू आल्या आणि रागही आला नाही. त्यांना फक्त समोरच्या जाळीपाशी उभ्या दोन बायका दिसत होत्या. त्यातली एक वाकून, हात पुढे करून, पाण्यात उतरायच्या बेतात होती आणि दुसरी तिला कमरेला धरून होती.

पायऱ्या हाताशी आल्या, आणि तिथेच बगळ्याचा पाय बांधावरून निसटला. एवढा उंच माणूस, पण क्षणभर कुठेच नव्हता. दोरी सैल झाली. कमानीखालच्या ओढीने गादी झपकन फिरली. ग्रंथपालांच्या पायांखालची जमीन गेली. त्यांनी गादीची कड दोन्ही हातांनी धरली आणि आता आपण धरलंय की लटकतोय हा फरक उरला नाही. पायऱ्या बाजूने सरकून मागे चालल्या. बायकोने हाक मारली. हाक “बाबा” होती की “अहो” हे त्यांना पुढे कधीच विचारता आलं नाही.

सासऱ्यांनी काठी फिरवली. तटाच्या दगडात नावा बांधायची जुनी कडी होती. काठीची वाकडी मूठ तिच्यात खट्‌कन अडकली. गादी हिसका देऊन थांबली.

“धरा!” सासरे गरजले. उभ्या फलाटाला ऐकू जाईल असा तो आवाज होता.

कोणी कोणाला धरलं याचा नीट हिशेब पुढे लागला नाही. बगळा थुंकत, खोकत वर आला आणि त्याने दोरी पकडली. वहिनींनी बगळ्याची कॉलर धरली. बायकोने आधी वडिलांची पिशवी धरली आणि मग, दुसऱ्या हाताने, ग्रंथपालांचे केस. केस फारसे नव्हते. जे होते ते तिने सोडले नाहीत. सगळे पायऱ्यांवर एकमेकांवर पडले. मागे तंबूने उरलेल्या खुंट्या सोडल्या, नारिंगी छत फुगलं, आणि तो डौलात वाहत येऊन पुलाच्या कमानीत अडकला.

ज्या जिन्याला सासऱ्यांनी नकार दिला होता, तो जिना ते चढले. म्हणजे चार जणांनी त्यांना पिशवीसकट वर नेलं. दोघे पुलावरच्या गर्दीतले होते आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कात्रीने पिशवी कापली. कोरडे कपडे बगळ्याचे होते, त्यामुळे ग्रंथपालांच्या विजारीचे पाय जमिनीवर लोळत होते आणि सासऱ्यांना बाह्या दुमडूनही हात सापडत नव्हते. वहिनी सगळ्यांच्या पुढ्यात सूप ठेवत होत्या. आता “तंबूत कुठे मिळणार” असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर ग्रंथपालांना बरं वाटलं असतं.

कुरणाच्या रखवालदाराकडून नंबर मिळवून प्लंबरने सासऱ्यांच्या मोबाइलवर फोन केला. तुम्ही सगळे सोबतच गावात गेलात असं त्याला वाटलं होतं. माणसांना उठवायला आलेल्या त्या रखवालदारालाही त्याने तसंच सांगितलं होतं. तो रडत होता. मागून त्याची बायको त्याला ओरडत होती. सासऱ्यांनी यंत्र कानात घातलं आणि फोन घेऊन त्याला सांगितलं की खुंट्या फार चांगल्या ठोकल्या होत्या, म्हणूनच वाचलो.

मग दारावर थाप पडली. पिवळ्या जाकिटातला पूर अधिकारी.

“ऐतिहासिक पुलाच्या कमानीत एक तंबू अडकलाय,” तो म्हणाला. “प्रवाहाला अडथळा होतोय. तंबूच्या मालकाने तो ताबडतोब काढायचा आहे. मी आत येऊ का?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या आणि दार लावलं.

बायकोने वडिलांचे पाय टॉवेलने चोळायला घेतले होते. पाण्यातून वर आल्यापासून ती ग्रंथपालांशी एक अक्षर बोलली नव्हती. ते कोपऱ्यात, लोळत्या विजारीत, सुपाचा वाडगा धरून उभे होते. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि न विचारता बसायचा धीर होत नव्हता. काय बोलायचं ते त्यांनी मनाशी चार-पाच प्रकारे जुळवलं होतं. एकही प्रकार तोंडातून बाहेर काढण्यासारखा नव्हता.

“बाबा,” बायकोने विचारलं, “पाणी आत आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? हाका मारल्या. यंत्र खिशात, हात पिशवीत. माझा आवाज मलाच ऐकू येईना, पण मारल्या.”

“मला हाका मारत होतात?” तिचे डोळे भरून आले.

“तुला कशाला?” सासरे म्हणाले. “यांना मारत होतो.”

त्यांनी काठीने कोपऱ्याकडे दाखवलं.

“यांना?”

“तुला हाक मारली असती तर तू घाबरली असतीस. हे कायम घाबरलेलेच असतात, आणि तरी येतात.”

एवढं बोलून त्यांनी सूप भुरकलं आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

ही स्तुती होती की काय होतं, हे ग्रंथपालांना ठरवता येईना. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने डोळे पुसले, टॉवेलचं कोरडं टोक शोधलं आणि पलंगाच्या कडेला जरा सरकून जागा केली.

“बसा आता,” ती म्हणाली. “केस पुसून देते. उरलेत तेवढे.”